रापणीचा शंख

“तू हो फुडे,” बाबा म्हणाले आणि शंखाची पिशवी त्यांनी माझ्या खांद्याला अडकवली. “मी येतंय वायच दम खात.”

मी दोन पायऱ्या चढले तर मागून परत हाक.

“तारा, वर गेल्यार काय करूचा नाय, ता म्हायत आसा मां?”

“म्हायत आसा.”

“सांग बघया.”

“शंखाक तोंड लावूचा नाय. तुमी येईसर वाट बघूची.”

“आणि मासळी दिसली तर?”

“तरीय वाट बघूची.”

बाबांनी मान हलवली आणि ते पहिल्याच पायरीवर बसले. पौषातली सकाळ होती, मी सतरा वर्षांची होते, आणि तेवढं बोलून त्यांची छाती भात्यासारखी हलायला लागली होती.

आमची वाडी रापणकरांची, मालवणच्या दक्षिणेला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून सगळ्या वाडीने वाळूवर ओढायचं. पण जाळं कधी सोडायचं हे वाळूवर उभं राहून कळत नाही. त्यासाठी वर सड्याच्या, म्हणजे टेकडीमाथ्यावरच्या कातळी माळाच्या, कडेला एक माणूस बसवलेला असायचा. पाणी कुठे काळपट झालं, कुठे उकळी फुटल्यासारखं थरथरलं, पक्षी कुठे घिरट्या घालताहेत, हे बघत तो दिवसभर बसायचा आणि मासळीचा थवा आला की शंख फुंकायचा. मग वाडी हातातलं टाकून धावत सुटायची. तव्यावरची भाकरी करपली तर करपली. तो माणूस म्हणजे माझे बाबा, रघुवीर मेतर. बावीस वर्षं त्यांनी हेच काम केलं, आणि त्याचा त्यांना जो ताठा होता तो एखाद्या मामलेदाराला नसेल.

देवळात असतो तो पांढरा, पोटाळ शंख हा नव्हे. हा लांबट, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढा. पाठीवर तपकिरी चंद्रकोरींच्या ओळी, तित्तिराच्या पंखावर असतात तशा. तोंड आतून केशरी. बाबा विशीत असताना खडकात अडकलेला नांगर सोडवायला खाली बुडाले, तेव्हा त्यांना तो दिसला. जिवंत होता. एका तारामाशाला अंगाखाली घेऊन सावकाश खात बसला होता. जात गोगलगायीचीच, पण वजन असं की बाबांना तो एका हाताने वर आणता आला नाही.

असा शंख साफ करायची आमच्याकडे एक रीत होती. आतल्या प्राण्याच्या अंगात गळ रुतवायचा आणि त्याला झाडाला टांगायचं, शंख खाली लोंबता ठेवून. शंखाच्या वजनानेच मांस थोडं थोडं करून सुटत येतं. कापून काढलं तर आत खोल राहिलेला तुकडा कुजतो आणि आवाज कायमचा बिघडतो. बाबांच्या शंखाला दोन दिवस लागले.

“दोन दिस तो घर सोडी नाय होतो,” बाबा सांगायचे. “मी पडवेत जेवाक बसलंय काय तो समोर. माका घास जाय नाय होतो.”

म्हणून ते समुद्राच्या पाण्याची बाटली वर न्यायचे आणि फुंकायच्या आधी शंख आतून भिजवायचे. त्याचं घर आहे, कोरडं कशाला ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. माणूस इतका हळवा, आणि तरी त्याला टांगला होता यांनीच. मी हे तोंडावर बोलून दाखवायचे तेव्हा ते हसायचे.

बायकांनी शंखाला तोंड लावायचं नाही हा वाडीचा नियम होता. पण बाबांना मुलगा नव्हता, आणि सड्यावर त्यांची पेज घेऊन मीच जायचे. दुपार लांबलचक असते, समुद्र रिकामा असतो, माणूस कंटाळतो. मी दहा वर्षांची असताना, आवाज खाली वाडीत जाऊ नये म्हणून शंखात फडका कोंबून, त्यांनी तो माझ्या हातात दिला.

“गालान् नाय गो फुंकूचा. गाल फुगवन काय बेडूक होवचा आसा? पोटातसून काढ.”

पहिलं वर्षभर म्हशीने नाक शिंकरावं तसा आवाज यायचा. बाबा पोट धरून हसायचे. बाराव्या वर्षी एके दिवशी खरा सूर फुटला. फडका असूनही माझ्या दातांत, छातीत, पायाखालच्या दगडात तो आवाज गेला. त्या दिवशी मला जे वाटलं ते पुढे लग्नात वाटलं नाही, आणि पहिलं मूल झालं तेव्हाही नाही. चांगल्या बाईने असं बोलू नये, पण आता मी सत्तरी ओलांडली आहे.

बाबांचा दम गेला तो मी सतरा वर्षांची होते त्या वर्षीच्या आश्विनात. थवा आलेला, शंख भिजवून झालेला, त्यांनी तोंडाला लावला आणि नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की शंख हातातून पडतो की काय असं झालं. मी तो घेतला आणि फुंकला. फडक्याशिवाय फुंकायची ती माझी पहिली खेप. खालून आरोळ्या उठल्या, माणसं धावली, आणि बाबा तोंड पुसत कडेवर जाऊन उभे राहिले, म्हणजे खालून बघणाऱ्याला तेच दिसावेत.

मग तसंच चालू राहिलं. ते कडेला दोन्ही कोपर वर करून उभे राहायचे, मी मागे करवंदीच्या जाळीत बसून फुंकायचे.

“तुमी नाटकातले राजे,” मी चिडवायचे. “गाणा माझा.”

सुरुवातीला ते हसले. पण एकदा जाळं ओढून झाल्यावर नारूकाका, म्हणजे आमच्या रापणीचे म्होरके, तांडेल, सगळ्यांसमोर म्हणाले, “रघू, दिसान् दिस तुझो दम वाढता काय रे? पूर्वी असो आवाज नाय होतो.” बाबांनी मान खाली घातली. मी मात्र आतल्या आत फुलून गेले होते. हे मी तेव्हाही लपवलं आणि नंतरही.

मार्गशीर्षात त्यांनी नारूकाकांना सांगून टाकलं की पुढची मोठी रापण लागली की शंख वसंताला द्यायचा. वसंत हा नारूकाकांचा पुतण्या, बरा मुलगा होता. मग रात्रीचं जेवण झाल्यावर नव्हे, तर मुद्दाम सकाळी, आई पाण्याला गेलेली बघून, ते माझ्याजवळ येऊन बसले.

“तारा, माका एक खेप व्हयी.”

“कसली खेप?”

“फुंकूची. बावीस वर्सा मी फुंकलंय. ह्ये तीन म्हयने चोरी केली. देताना तरी माझो आवाज होयो.”

“जमतला?”

“एक खेप जमतला. मी दम राखून ठेवतंय.”

आणि खरोखरच त्यांनी तो राखला. बोलणं जवळजवळ बंद केलं. आई म्हणायची, “ह्येंका आता भांडूकय येळ नाय.” रोज सकाळी ते चुलीपुढे बसून फुंकणीने विस्तव फुलवायचे आणि एका दमात किती वेळ जातो ते बोटांवर मोजायचे. चार बोटं, मग पाच, मग सात. वैद्याचा काढा, गरम पाण्याची वाफ, काय म्हणाल ते केलं. एका दुपारी दार लावून, शंखात फडका कोंबून त्यांनी फुंकून बघितलं. बारीक आवाज आला, पण तुटला नाही. शंख मांडीवर घेऊन ते भिंतीला टेकून बसले आणि कितीतरी वेळ हसऱ्या तोंडाने तसेच राहिले.

“पुरता एक खेप,” म्हणाले.

त्यानंतर अकरा दिवस समुद्राने काहीच दिलं नाही. रोज आम्ही वर जायचो, रोज तसेच उतरायचो. आणि मग पौषातला तो दिवस उजाडला, ज्या सकाळी पायथ्याशी बसलेल्या बाबांना मागे ठेवून मी एकटी पुढे वर गेले.

सड्याच्या कडेला पोचले आणि खाली बघितलं तर आमचा सगळा बाव काळा. बाव म्हणजे दोन टेकड्यांच्या कुशीतलं आमचं पाणी. एवढा बांगडा मी जन्मात बघितला नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी नुसतं शहारत होतं, वर पक्ष्यांचा कालवा. वाळूवर माणसं दोर उन्हात पसरत होती, त्यांना काहीच दिसत नव्हतं. बाटलीतलं पाणी मी शंखात ओतलं, गोल फिरवलं, सांडलं. एवढं करायला मला मनाई नव्हती.

मग मागे वळून बघितलं. पायवाटेचं शेवटचं वळण बाबांनी पार केलं होतं. तिथून कडेपर्यंत सरळ पायऱ्या आहेत. ते एका पायरीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी हाताने खाली समुद्राकडे दाखवलं, दोन्ही बाहू पसरून दाखवलं, केवढी आहे ते. ते चटकन उठले. त्यांनी हात वर केला.

रापणीत वरचा माणूस हातानेच बोलतो. पंचा धरून हात सरळ वर गेला की ‘सोड’, जाळं टाका. उघडा पंजा पुढे आला की ‘ऱ्हव’, थांबा.

बाबांनी हात वर केला आणि मी शंख तोंडाला लावला.

तसा आवाज माझ्याकडून आधी कधी निघाला नव्हता आणि नंतर निघायचा प्रश्नच आला नाही. समोरच्या टेकडीवर जाऊन तो परत आला तरी माझा दम संपला नव्हता. खाली वाळूवरची माणसं क्षणभर थबकली आणि मग फुटलीच. पुरुष होडीकडे धावले, बायका टोपल्या घेऊन घरांतून बाहेर पडल्या. मी शंख खाली घेतला तेव्हा मी हसत होते.

बाबा धावत आले. उरलेल्या पायऱ्या ते धावत चढले, ज्यांना अंगणातून विहिरीवर जाताना दोनदा थांबावं लागायचं. कडेवरच्या दगडाला धरून ते उभे राहिले. त्यांच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता, ओठ जांभळे पडले होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग शंखाकडे.

“बरो फुंकलंस,” म्हणाले.

मला काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि ते खाली बघायला लागले. खालून कोणी मान वर करायच्या आत ते नेहमीच्या जागी उभे होते. मग त्यांनी ती होडी अशी फिरवली, असं वळवून वळवून जाळं टाकायला लावलं, की पुढे कित्येक वर्षं लोक त्या रापणीचं उदाहरण देत. दोर ओढायला शेजारच्या वाडीची माणसं बोलवावी लागली. दुपार झाली तरी बांगडा वाळूवर येतच होता.

काम उरकल्यावर सगळे किनाऱ्यावर गोळा झाले. शंख देण्याची आमची रीत साधी होती. जुन्या माणसाने सगळ्यांसमोर एकदा फुंकायचा, मग समुद्राचं पाणी भरून नव्या माणसाच्या ओंजळीत ओतायचं, आणि शंख हवाली करायचा. मी बायकांत मागे उभी होते.

नारूकाकांनी बाबांना मिठी मारली. “रघू, आज काय फुंकलंस रे,” ते म्हणाले. “माझ्या अंगार काटो इलो. बावीस वर्सांत असो नाय आयकलंय. जाता जाता दाखवन दिलंस, मेतर कोण ता.”

सगळी वाडी हो हो म्हणाली. एका म्हातारीने येऊन बाबांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. बाबांनी हात जोडले. त्यांना खोटं बोलता येत नसे. वांग्याचा वाटासुद्धा जास्त आला तर परत नेऊन देणारा माणूस तो. ते हात जोडून तसेच उभे राहिले, आणि मला वाटत होतं की त्यांनी माझ्याकडे बघावं, आणि मला भीतीही वाटत होती की ते बघतील.

“आता एक खेप हय फुंक,” नारूकाका म्हणाले. “आणि दी पोराक.”

बाबांनी शंख उचलला. डोळे मिटले. त्यांचं पोट आत गेलं, खांदे वर आले, आणि शंखातून हवा निघाली. नुसती हवा. ते थांबले, ओठ ओले केले, पुन्हा लावला. पुन्हा तेच. गर्दीत कोणी हसलं नाही. उलट नारूकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“ऱ्हवांदे, ऱ्हवांदे,” ते म्हणाले. “सकाळीच सगळो दम घातलंस. आणखी काय व्हया आमका?”

बाबांनी पाणी भरलं, वसंताच्या ओंजळीत ओतलं आणि शंख दिला. वसंताने फुंकला तेव्हा म्हशीचाच आवाज निघाला आणि सगळे हसले, बाबासुद्धा.

संध्याकाळी ते पडवीत आडवे झाले होते. आई मासे खारवायला मागच्या बाजूला बसली होती. मी त्यांच्यासाठी गरम पाणी घेऊन गेले. ते देऊन परत फिरता आलं असतं, पण पाय निघेनात.

“बाबा,” मी म्हणाले, “माका वाटला तुमी ‘सोड’ म्हणालास.”

ते छपराकडे बघत होते. पाण्याचा पेला त्यांनी छातीवर धरला होता.

“व्हय,” ते म्हणाले. “तसाच दिसला आसतला. त्या येळाक समोरसून उन येता तुझ्या डोळ्यांर. पंजो काय आणि पंचो काय, तुका कसा कळतला?”



“मी येय होतंय गो,” ते म्हणाले. “आठच पायऱ्यो ऱ्हवल्यो होत्यो.”

आता हे लिहिते आहे तर उरलेलंही लिहिते. मासळी कुठे पळून जात नव्हती. होडी पाण्यात जायलाच अर्धा तास लागला आणि थवा दुपारपर्यंत बावातच होता. आठ पायऱ्या चढायला बाबांना फार तर पाच मिनिटं लागली असती. हे मला वर उभं असतानाच कळत होतं. त्यांचा पंजाही मी बघितला होता, पाचही बोटं पसरलेला, आणि पंचा खांद्यावर होता तोही. वैशाखात माझं लग्न ठरलं होतं. बाबांनी त्या दिवशी शंख फुंकला की तो वसंताकडे जाणार आणि मला जन्मात परत मिळणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला ती खेप हवी होती. त्यांनाही तीच हवी होती.

आणि त्या शेवटच्या पायऱ्यांवर एका जुन्या आंब्याची गर्द सावली असते. सकाळी तिकडून कोणाच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. बावीस वर्षं रोज त्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वेळा पटवून बघितलं आहे.

“व्हय, उनच होता,” मी म्हणाले.

“मगे झाला तर,” बाबा म्हणाले आणि पाणी प्यायले.

चौदाव्या दिवशी पहाटे ते गेले. मधले तेरा दिवस मी रोज त्यांच्या उशाशी बसत होते, आणि त्यांना पुरतं ऐकू येत होतं.